आगाऊ प्रती

कारखानीस म्हणाले, तीस छापू.
साधा कागद, कव्हर पांढरं,
वर ठळक टाइपात : विक्रीसाठी नाही.
याला आगाऊ प्रत म्हणायचं.

मला हसू आलं.
आगाऊ मला आई म्हणायची,
पाहुण्यांच्या आधी पोह्यांच्या बशीत हात घातला की.

वडाळ्याच्या त्यांच्या गाळ्यात, कटिंग मशीनच्या खडखडाटात
आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवरून उलटे चालत गेलो.
प्रकाशन जानेवारीत, दुसऱ्या शनिवारी, दादरला, हॉल मिळाला तर.
म्हणजे परीक्षणं त्याआधीच्या रविवारी.
म्हणजे वाचायला सहा आठवडे.
माणसं चार दिवसांत वाचतात, बाकीचे अडतीस विसरतात.
"आणि सप्टेंबरात कुणाला पाठवू नका हं,
तेव्हा सगळे दिवाळी अंकांत गळ्यापर्यंत.
फराळ संपू दे."

मग यादी.
रविवार पुरवणीचे दोघे.
पार्ल्याचे एक प्राध्यापक, जे परीक्षणात स्वतःविषयीच लिहितात,
पण लिहितात.
मुलुंडच्या ग्रंथपाल नीलाक्षी वर्तक,
त्यांनी 'घ्या' म्हटलं की तीनशे सभासद रांग लावतात.
एक कवी, नाही पाठवली तर रागावेल म्हणून.

सतराव्या प्रतीपुढे जागा रिकामी होती.
मी लिहिलं : इंदुमती खवणेकर, चेंबूर.
"या कुठे लिहितात?"
कुठेच नाही. ट्रंक एक्स्चेंजला होत्या, एकतीस वर्षं,
माझी नायिका बसते तसल्याच बोर्डापुढे.
कारखानिसांनी पेन कानावर ठेवलं.
"एक प्रत एकशे ऐंशीला पडते. कुरियर वेगळं."

तेविसाव्या दिवशी सतरावी परत आली,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
समासात शिसपेन्सिल.
पान नऊ : एक कान उघडा ठेवत असू. सुपरवायझर मागे असे.
पान चाळीस : बेळगाव थेट मिळत नसे. कोल्हापूरमार्गे घ्या.
आणि पान एकशे बारा,
जिथे रात्रपाळीत घंटा वाजते, नायिका दचकते,
ज्याच्यावर मी अख्खा उन्हाळा घालवला :
"रात्री घंटा आम्ही बंद ठेवत असू.
जिची झोपायची पाळी, तिची झोप मोडू नये म्हणून.
दिवा लागे. तो बघत बसायचं."

त्याच रविवारी पुरवणीत परीक्षण,
ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधीच. आगाऊ.
"पुस्तक मिटल्यावरही रात्रभर कानात वाजत राहते
ती एक्स्चेंजमधली घंटा."
कारखानिसांचा फोन सकाळी सातला.
"मलपृष्ठावर हेच! फाइल मंगळवारी छपाईला."

सोमवारी रात्री मी घंटा काढली.
घंटा नाही म्हणजे बाई दचकत नाही.
दचकत नाही म्हणजे हातातला कप पडत नाही.
कप पडत नाही म्हणजे शेजारचीला जाग येत नाही,
आणि ती जागी झाल्यावर दोघी जे बोलतात,
माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात सुंदर,
ते कुणीच बोलत नाही.
अडीच पानं गेली.
उरला हरभऱ्याएवढा दिवा,
त्याच्याकडे बघणारी एक,
आणि तीन खुर्च्या जोडून झोपलेली दुसरी.

"अहो, मग मलपृष्ठावरची घंटा
लोकांनी आत शोधायची कुठे?"
कारखानीस खरंच दुखावले होते.
म्हटलं, शेवटी तीन टिंबं द्या.
आता तिथे आहे :
"पुस्तक मिटल्यावरही रात्रभर…"
लोकांना जे हवं ते तिथे भरता येईल.

खवणेकर बाईंना कळवायला फोन केला.
पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला त्यांनी.
दिव्याचं सांगितलं.
"बरं केलंत," म्हणाल्या. "आणि बेळगाव?"
बेळगाव राहून गेलं होतं.

बाकीच्या एकोणतीस प्रती
पार्ल्यात, मुलुंडला, त्या कवीच्या उशाशी
अजून वाजतायत.
त्या परत मागवता येत नाहीत.
विकताही येत नाहीत.